प्रजनन-वैद्यकातल्या संशोधनाला निधी: कुठे मागावा, कसा मागावा

विचारणा थोडक्यात अशी आहे. विदर्भातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभागात सहायक प्राध्यापक असलेल्या डॉक्टरांना वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांवर काम करायचं आहे. नवऱ्याच्या शुक्राणूंमधला डीएनए तुटलेला असणं आणि गर्भ न टिकणं यांचा काही संबंध लागतो का, हे त्यांना बघायचं आहे. त्यांची एक मैत्रीण प्रजनन जीवशास्त्रात पीएचडी झालेली आहे, पण तिला कायम नोकरी नाही. या विषयाला भारतात पैसे मिळतात का, कुठे मागायचे, परदेशातून आणता येतील का, आणि मैत्रिणीनं सरळ बाहेरच निघून जावं का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

पैसे मिळतात. मात्र ‘प्रजनन-वैद्यक’ अशी पाटी लावलेली योजना शोधत बसलात तर वर्ष निघून जाईल आणि हाती काही लागणार नाही. आपल्याकडे हा विषय तीन-चार खात्यांत विखुरलेला आहे. कुठे तो माता-आरोग्यात मोडतो, कुठे जीवशास्त्रात, कुठे पर्यावरण आणि आरोग्यात. तुमचा प्रश्न कोणाच्या काळजीचा आहे हे आधी ठरवा, मग अर्ज कुठे करायचा ते आपोआप कळतं.

ही विखुरलेली अवस्था का, हेही समजून घ्या, कारण प्रस्ताव तपासणाऱ्या समितीत बसलेल्यांच्या डोक्यात तो इतिहास असतो. भारत सरकारनं कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू केला. मुंबईत परळला आज जी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे, तिचं मूळ १९५४ मधल्या गर्भनिरोधक तपासणी केंद्रात आहे. १९७० मध्ये त्यातून प्रजनन संशोधन संस्था उभी राहिली. म्हणजे कित्येक दशकं सरकारी पैसा गेला तो मूल होऊ नये यासाठी. पुरुषांच्या ‘रिसग’ या गर्भनिरोधक इंजेक्शनवर आयसीएमआरनं किती चिवटपणे खर्च केला बघा: आयआयटीत सत्तरच्या दशकात सुचलेली कल्पना, आणि ३०३ पुरुषांवरच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले २०२३ मध्ये. वंध्यत्वाकडे मात्र बराच काळ ‘खाजगी दवाखान्यांचा धंदा’ म्हणून पाहिलं गेलं. ही नजर आता बदलते आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशाचा एकूण जननदर २.० वर आला, महाराष्ट्राचा १.७ वर. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये जगात दर सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं असं सांगितलं. आता वंध्यत्वावरचा प्रस्ताव कोणी हसण्यावारी नेत नाही.

पण एक सांगतो. ते ‘सहांपैकी एक’ वाक्य प्रस्तावाच्या पहिल्या ओळीत टाकू नका. समितीतल्या माणसानं त्या दिवशी वाचलेल्या प्रत्येक प्रस्तावाची सुरुवात त्याच वाक्यानं झालेली असते. त्याऐवजी तुमच्या ओपीडीचं रजिस्टर काढा. गेल्या वर्षभरात दोन किंवा अधिक गर्भपात झालेल्या किती बायका आल्या, त्यातल्या किती जणींचे नवरे बरोबर आले, किती जणींची कारणं सापडली आणि किती जणींच्या कागदावर ‘कारण अज्ञात’ असा शेरा पडला. हा एक तक्ता तुमच्या नावावरच्या पाच शोधनिबंधांपेक्षा वजनदार ठरतो.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. ‘शुक्राणूंच्या डीएनएचं तुटणं आणि वारंवार गर्भपात’ हा विषय जगभर चघळला गेलेला आहे. परळच्या त्याच संस्थेतही नवऱ्याच्या बाजूनं या आजाराकडे पाहणारं काम झालेलं आहे. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेनं, म्हणजे एश्रेनं, आपल्या ताज्या मार्गदर्शक सूचनांत ही तपासणी निदानासाठी विचारात घ्यायला हरकत नाही असं म्हटलंय. तेव्हा ‘संबंध आहे का’ एवढंच विचारलंत तर समिती म्हणेल, हे झालेलं आहे, तुम्ही नवीन काय करणार?

नवीन तुमच्याकडे आहे, तुम्ही विचारणेत लिहिलं नाहीत इतकंच. तुमच्याकडे येणारे नवरे कापसाच्या पट्ट्यातले आहेत. पाठीवर पंप घेऊन भर उन्हात फवारणी करणारे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा देशभर बातमी झाली. ती तीव्र विषबाधा होती. हंगामामागून हंगाम थोडं थोडं औषध अंगावर घेणाऱ्या पुरुषाच्या शुक्राणूंचं काय होतं, आणि त्याच्या बायकोचा गर्भ टिकतो का, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या चकचकीत आयव्हीएफ केंद्रातून विचारताच येणार नाही. फवारणीच्या हंगामात आणि हंगाम संपल्यावर साधारण तीन महिन्यांनी त्याच पुरुषाचा नमुना घ्या. शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला जवळपास तेवढाच काळ लागतो, त्यामुळे या मांडणीला जीवशास्त्राचा आधार आहे. गर्भपाताचा निकाल बघायला मोठा नमुना लागेल, पण शुक्राणूंवरचा परिणाम तुलनेनं थोड्या पुरुषांत दिसू शकतो. पहिल्या प्रस्तावात तेवढंच घ्या.

आता पैसे कुठे. तुम्ही कायम पदावर आहात आणि कॉलेज सरकारी आहे, त्यामुळे पहिलं दार आयसीएमआरचं. त्यांच्या बाह्य अनुदानात ‘स्मॉल’ आणि ‘इंटरमीडिएट’ असे दोन प्रकार तुमच्या कामाचे. स्मॉलमध्ये नवख्या माणसाला जागा असते. इंटरमीडिएटला आधीचं काम, जमवलेली टीम, प्राथमिक निष्कर्ष हे सगळं लागतं. पहिल्याच झटक्यात तिकडे उडी मारू नका. प्रस्ताव मागवणारं पत्रक निघालं की पोर्टलवर मुदतीत भरायचं, आणि पोर्टल शेवटच्या दिवशी हमखास रडतं, हे गृहीत धरून चार दिवस आधी भरायचं. आणखी एक रस्ता आहे, त्याकडे फार कमी लोक बघतात. आयसीएमआर स्वतः अनेक केंद्रांवर एकाच वेळी चालणारे अभ्यास काढते. आराखडा त्यांचा, जागा तुमची. पीसीओएसवर असं काम झालेलं आहे. अशा अभ्यासात एक केंद्र म्हणून शिरलात तर नमुने कसे साठवायचे, फॉर्म कसे भरायचे, हिशेब कसा द्यायचा हे दुसऱ्याच्या पैशानं शिकायला मिळतं, आणि पुढच्या प्रस्तावात तुमचं नाव ओळखीचं होतं.

त्याच्याही आधी आपल्याच आवारात बघा. आरोग्य संशोधन विभागानं बऱ्याच सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत एमआरयू, म्हणजे बहुविद्याशाखीय संशोधन केंद्रं दिलेली आहेत. तुमच्याकडे असेल तर त्यांच्या स्थानिक सल्लागार समितीपुढे छोटा प्रकल्प ठेवता येतो. उणे ८० चा फ्रीजर, पीसीआर, सेंट्रिफ्यूज तिथे बहुतेक असतं, आणि कित्येक ठिकाणी वापराविना पडून असतं. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठही संलग्न कॉलेजांतल्या संशोधनाला छोटी मदत देतं. रक्कम बघून नाक मुरडू नका. पथदर्शी अभ्यासाला, म्हणजे पायलटला, मोठा निधी देणारा कोणी सहसा पैसे देत नाही. तो छोट्या पैशातूनच उरकायचा असतो. तुमच्या हाताखालच्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला आयसीएमआरची एसटीएस, म्हणजे अल्प मुदतीची विद्यार्थी शिष्यवृत्ती, मिळवून द्या, एमडीच्या विद्यार्थिनीला प्रबंधाची मदत मिळवून द्या. दोन-तीन असे तुकडे जोडले की पायलट उभा राहतो.

पुढचं दार एएनआरएफचं. विज्ञान-संशोधनाला निधी देणारी ही केंद्राची संस्था, म्हणजे पूर्वीचं सर्ब. २०२३ च्या कायद्यानं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं आणि सर्ब त्यात विलीन झालं. कारकिर्दीच्या सुरुवातीला असलेल्या कायम शिक्षकांसाठी त्यांचं प्रधानमंत्री अर्ली करिअर अनुदान आहे, तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत. पण तिथे परीक्षक बहुतेक मूलभूत विज्ञानातले. ‘किती टक्के रुग्णांत’ या प्रश्नानं ते हलत नाहीत. ‘हे घडतं कसं’ असं विचारलंत की कान टवकारतात. फवारणीच्या औषधामुळे शुक्राणूत डीएनए गुंडाळून ठेवणाऱ्या प्रथिनांच्या, म्हणजे हिस्टोन-प्रोटामिनच्या, अदलाबदलीत बिघाड होतो का, असा प्रश्न तिथला. तो लिहायला तुमच्या मैत्रिणीचा हात लागेल. जैवतंत्रज्ञान विभागाचंही असंच, फक्त त्यांना मोठी समूह-पाहणी आवडते. गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयात गर्भवतींचा ‘गर्भिणी’ अभ्यास त्यांनीच उभा केला. मुदतपूर्व प्रसूती हा त्याचा विषय. असं काम एकट्यानं होत नाही. डीबीटी, म्हणजे हाच जैवतंत्रज्ञान विभाग, आणि ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टच्या इंडिया अलायन्सच्या शिष्यवृत्त्या माणसाला मिळतात, प्रकल्पाला नाही. रक्कम घसघशीत, मुलाखत कडक. एंडोमेट्रिओसिसवरचा देशपातळीवरचा क्लिनिकल आणि जनुकीय अभ्यास परळहून चालतो, त्याला याच अलायन्सचं बळ मिळालं. डॉक्टरांसाठी त्यांचा वेगळा प्रवाह आहे, आणि कामाच्या वेळातला मोठा भाग संशोधनाला द्यावा अशी अपेक्षा असते. सरकारी कॉलेजात युनिट ड्युटी, लेबर रूम, परीक्षा सांभाळून ते जमेल का, याचं उत्तर डीनच्या सहीत असतं. सही आधी घ्या, स्वप्नं नंतर.

नवीन यंत्र किंवा किट बनवायची कल्पना असेल, समजा गावपातळीवर चालणारी शुक्राणू-तपासणी, तर डीबीटीच्याच बायरॅक या संस्थेचं ‘बिग’ अनुदान आहे: ५० लाखांपर्यंत, १८ महिने. पण ते संशोधन-निबंधासाठी नव्हे. तुमच्या प्रश्नाला ते लागू नाही, म्हणून तिथे थांबत नाही.

तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू तुम्ही ओझरती लिहून पुढे गेलात. एकीकडे रुग्ण, दुसरीकडे प्रयोगशाळेतला हात. निधी देणारे ही जोडी शोधत असतात. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षाचा जन्म झाला, शास्त्रीय नोंदी असलेलं भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ. त्यामागे केईएममधल्या डॉ. इंदिरा हिंदुजा होत्या आणि शेजारच्याच प्रजनन संशोधन संस्थेतले डॉ. टी. सी. आनंद कुमार होते. एक स्त्रीरोगतज्ज्ञ, एक शास्त्रज्ञ, दोन इमारतींमधलं अंतर चालत जाण्याइतकं. त्याच्या आठ वर्षं आधी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींनी ते करून दाखवलं होतं, पण संस्थेचं पाठबळ नव्हतं. सरकारी समितीनं त्यांना खोटं ठरवलं आणि १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. त्यांच्या टिपणवह्या वाचून पुढे पहिलेपणाचं श्रेय त्यांना जाहीरपणे दिलं ते याच आनंद कुमारांनी, १९९७ मध्ये. संस्थेचा कागद पाठीशी असणं म्हणजे काय, हे या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की कळतं.

तेव्हा तुम्ही पीआय, म्हणजे मुख्य संशोधक, मैत्रीण प्रकल्पात शास्त्रज्ञ. किंवा ज्या संस्थेत ती पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करेल तिथला कायम शास्त्रज्ञ को-पीआय, म्हणजे सहसंशोधक. तिला कायम नोकरी नसल्यामुळे बहुतेक योजनांत ती स्वतः पीआय होऊ शकणार नाही. हे दोघींनी आधी स्पष्ट बोलून घ्या. निबंधावर पहिलं नाव कोणाचं, शेवटचं कोणाचं, हेही. पैसे आल्यावर हे बोलणं अवघड होतं.

समितीत प्रस्ताव कशावर पडतात ते सांगतो. व्याख्या पहिली. वारंवार गर्भपात म्हणजे दोन की तीन? एश्रे आणि अमेरिकी संघटना दोन म्हणतात, इंग्लंडमधलं स्त्रीरोगतज्ज्ञांचं रॉयल कॉलेज तीन. कोणतीही घ्या, पण एकच घ्या आणि का ते लिहा. प्रस्तावना दोनवर, नमुनासंख्येचा हिशेब तीनवर, असे प्रस्ताव सर्रास येतात. दुसरं, तुलनेचा गट. ‘मूल असलेले निरोगी पुरुष’ लिहायला सोपं, आणायला महाकठीण. निरोगी माणूस वीर्याचा नमुना द्यायला सरकारी दवाखान्यात का येईल? नसबंदीसाठी येणारे पुरुष, प्रसूती झालेल्या बायकांचे नवरे, असा ठोस मार्ग लिहा. तिसरं, पद्धत. डीएनए तुटण्याच्या तपासण्या चार: ट्यूनेल, एससीएसए, कॉमेट आणि हेलो. एससीएसएला फ्लो सायटोमीटर लागतो, तो तुमच्याकडे नसणार. हेलो चाचणी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली होते. प्रस्तावात भारी पद्धत लिहून ‘नमुने बाहेर पाठवू’ म्हणण्यापेक्षा हेलो घ्या आणि दोन माणसांनी स्वतंत्रपणे मोजणी केली तर आकडे किती जुळतात ते दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वीर्य-तपासणी पुस्तिकेत ही तपासणी नेहमीच्या तपासणीत नाही, ‘विस्तारित’ भागात आहे, हेही माहीत असू द्या.

आणि खोली. हसू नका. नमुन्याआधी दोन ते सात दिवसांचा संयम, आणि नमुना मिळाल्यापासून तासाभराच्या आत तपासणी सुरू, हा नियम तुम्ही प्रस्तावात लिहाल. पण नमुना द्यायचा कुठे? बहुतेक सरकारी दवाखान्यांत त्यासाठी सार्वजनिक संडास असतो. आतून कडी लागणारी, प्रयोगशाळेजवळची, हात धुवायला बेसिन असलेली एक छोटी खोली नसेल तर पहिल्याच महिन्यात निम्मे पुरुष ‘उद्या येतो’ म्हणून जातात आणि परत येत नाहीत. बांधकामाला अनुदानातून पैसे मिळत नाहीत, म्हणून डीनचं पत्र घ्या की अमुक मजल्यावरची अमुक खोली या कामासाठी दिली आहे. ते पत्र प्रस्तावाला जोडा. ज्यानं हे काम प्रत्यक्ष केलंय तो परीक्षक त्या पत्रावरच तुम्हाला गुण देऊन मोकळा होईल.

एक मोह टाळा: लगोलग अँटिऑक्सिडंट गोळ्यांची चाचणी काढण्याचा. अमेरिकेत मॉक्सी नावाची चाचणी झाली, तिथे गोळ्यांनी वीर्याचे आकडे सुधारले नाहीत, डीएनएही नाही. फोलिक ॲसिड आणि झिंकच्या फास्ट चाचणीत जिवंत जन्म वाढले नाहीतच, उलट गोळ्या घेणाऱ्यांत डीएनए तुटण्याचं प्रमाण जास्त निघालं. दोन्हींचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. तरीही आपल्याकडे औषधांच्या चिठ्ठ्यांवर त्याच गोळ्या असतात, तो विषय वेगळा.

बजेट. इथे डॉक्टर मंडळी हमखास घोळ घालतात, कारण यंत्रावर जीव आणि माणसावर कंजुषी. तीन वर्षांच्या प्रकल्पात एक जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधक, धरा: पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि तिसऱ्या वर्षी एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ संशोधक, म्हणून ४२,०००. झाले १३ लाख ९२ हजार, घरभाडं वेगळं. हे दर नेट किंवा गेट पास असलेल्यांसाठी. आयसीएमआरच्या प्रकल्पांत पदांची नावं आणि दर त्यांचे वेगळे, तिथे ते जसेच्या तसे घ्या. शिवाय गावात जाऊन जोडप्यांना पुन्हा बोलावून आणणारा क्षेत्र-कार्यकर्ता हवा. तो नसेल तर दुसरा नमुना मिळणारच नाही, आणि तुमचा सगळा अभ्यास त्या दुसऱ्या नमुन्यावर उभा आहे. पुरुषाचा बुडालेला रोज आणि एसटीचं भाडं द्यायचं, ते ‘आमिष’ वाटू नये इतपत, एथिक्स कमिटीनं मान्य केलेलं. किटवर आणि यंत्रांवर जीएसटी आजच्या पूर्ण दरानं धरा. संशोधन संस्थांना पूर्वी मिळणारी ५ टक्क्यांची सवलत जुलै २०२२ पासून गेली. जुन्या प्रस्तावाची नक्कल करणारे इथे अडकतात आणि तिसऱ्या वर्षी किट संपतात.

सोनोग्राफीचं यंत्र बजेटमध्ये टाकू नका. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली प्रत्येक यंत्राची, जागेची, वापरणाऱ्याची नोंदणी लागते, आणि महाराष्ट्रात ती नुसती औपचारिकता नाही. विभागातलं नोंदलेलं यंत्र वापरा, सोनोग्राफीच्या नोंदीचा फॉर्म एफ नेहमीप्रमाणे भरा. गर्भपातानंतरच्या ऊतींची गुणसूत्रं तपासणार असाल तर प्रयोगशाळा नोंदलेली आहे का, आणि अहवालात लिंग बाहेर येणार नाही याची काय तजवीज, हे एथिक्स कमिटीपुढे स्वतःहून मांडा. त्यांनी विचारेपर्यंत थांबू नका. कमिटीची स्वतःची नोंदणी आरोग्य संशोधन विभागाकडे चालू आहे ना, तेही बघा. ती संपलेली असेल तर तिची मंजुरी कागदाच्या किमतीची.

पैसे आल्यानंतरचं थोडक्यात. पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला सगळे यूसीच म्हणतात, वेळेवर गेलं नाही तर दुसरा हप्ता येत नाही. जेआरएफचा पगार थांबतो, आणि चांगली मुलगी सोडून जाते. कॉलेजच्या अकाउंट्समध्ये बसणाऱ्या ज्या साहेबांची सही लागते, त्यांना प्रकल्प सुरू होतानाच भेटा. ते वाईट नसतात, त्यांना कोणी आधी सांगितलेलं नसतं इतकंच. मार्चमध्ये त्यांच्या टेबलावर जाऊ नका.

परदेशी पैशाबद्दल तुमच्या मनात जे चित्र आहे ते जरा जुनं आहे. अमेरिकेच्या एनआयएचमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेत, या विषयाची स्वतःची संस्था आहे, एनआयसीएचडी, आणि तिकडच्या विद्यापीठाच्या अनुदानात भारतीय केंद्र जोडलं जाणं हा वर्षानुवर्षांचा सरधोपट मार्ग होता. मे २०२५ मध्ये एनआयएचनं अशी परदेशी उप-अनुदानं थांबवून नवी पद्धत आणत असल्याचं जाहीर केलं. त्या भरवशावर आज आराखडा बांधू नका. गेट्स फाउंडेशननं ऑगस्ट २०२५ मध्ये स्त्रियांच्या आरोग्यावरच्या संशोधनासाठी २०३० पर्यंत अडीच अब्ज डॉलर जाहीर केले. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण त्यांनी जे पाच विषय घेतले त्यांत प्रसूती, माता-पोषण, मासिक पाळी आणि स्त्रीरोग, गर्भनिरोधन, लैंगिक संसर्ग आहेत. वंध्यत्वाला स्वतंत्र जागा नाही, पुरुषाला तर नाहीच. ‘मेल काँट्रासेप्टिव्ह इनिशिएटिव्ह’ ही अमेरिकी संस्था हार्मोनविरहित पुरुष-गर्भनिरोधनाला पैसे देते. शुक्राणू हलतो कशानं आणि थांबतो कशानं यावर मैत्रिणीचं काम असेल तर तिनं तिकडे जरूर बघावं. तोच प्रयोग उलटा वाचला की वंध्यत्वाचं काम होतं.

परदेशी पैसा घेण्याआधी तीन कागद. आरोग्य संशोधनात परदेशी सहकार्य असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची, एचएमएससीची मंजुरी. तिला महिने लागतात आणि घाई करून काही होत नाही. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, दुसरा: खाजगी ट्रस्टच्या रुग्णालयाला नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं घेतलेला परदेशी निधी दुसरीकडे वळवता येत नाही, म्हणजे तुमचा को-पीआय ट्रस्टच्या रुग्णालयात असेल तर त्याचा हिस्सा थेट त्याच्याकडे यायला हवा. तिसरा कागद फार जणांच्या ध्यानात येत नाही. २०२१ चा एआरटी, म्हणजे सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा, कायदा युग्मकं (स्त्री-पुरुषांच्या बीजपेशी) आणि भ्रूण देशाबाहेर किंवा देशातही दुसऱ्याला देण्यावर कडक बंदी घालतो. स्वतःच्या वापरासाठी राष्ट्रीय मंडळाच्या परवानगीनं नेणं तेवढं चालतं. शुक्राणू हे युग्मकच. तेव्हा ‘नमुने आम्हाला कुरिअर करा, तपासणी आमच्याकडे’ असं परदेशी सहकाऱ्यानं प्रेमानं सुचवलं तर थांबा, आणि संस्थेच्या विधी सल्लागाराकडून लेखी मत घ्या. तपासणी इथेच करा आणि मंजुरीत बसेल तेवढीच माहिती बाहेर जाऊ द्या.

फर्टिलिटीची औषधं विकणाऱ्या कंपन्याही पैसे देतात, संशोधकानं स्वतः काढलेल्या अभ्यासालासुद्धा. घ्यायला माझी हरकत नाही. पण करारात निष्कर्ष छापण्याचा हक्क कोणाचा, हे कलम आधी वाचा. ‘कंपनीच्या लेखी संमतीनं’ असे शब्द दिसले तर सही करू नका. तुमच्या विषयात तर कीटकनाशक कंपनीही उद्या येऊ शकते. तो पैसा नकोच.

राहिली मैत्रीण. तिच्यासाठी इथे बऱ्याच वाटा आहेत: एएनआरएफची राष्ट्रीय पोस्टडॉक शिष्यवृत्ती, आयसीएमआरच्या संस्थांमधली पोस्टडॉक, इंडिया अलायन्सची अर्ली करिअर, ज्यात वयाची अट नाही. मुलं-संसार यात काही वर्षं गेली असतील तर आरोग्य संशोधन विभागाची महिला शास्त्रज्ञ योजना, डीबीटीची बायोकेअर आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची, डीएसटीची, वाइज-पीडीएफ. यातल्या बऱ्याच योजनांत पीएचडी झाल्यापासूनची वर्षं किंवा वय मोजतात, बायकांना सवलत धरून. तिनं आज बसून आपल्या तारखांवरून कोणती दारं किती महिने उघडी आहेत ते कागदावर लिहावं. बाहेर जायचं असेल तर शिकायला जावं, एखादं तंत्र पक्कं करून यायला, आणि परतीसाठी डीबीटीच्या रामलिंगस्वामी शिष्यवृत्तीची त्या वेळची अट काय आहे ते निघण्याआधी वाचून ठेवावं. ती शिष्यवृत्ती परदेशात काम करत असलेल्या भारतीय शास्त्रज्ञांसाठी आहे, आणि परत आलेल्यांना मुदत लागू होते. आधी परत येऊन मग अर्ज करू, असं म्हणून बसलेले लोक मी पाहिलेत.

तुम्ही मात्र तोवर थांबू नका. ओपीडीचं रजिस्टर आणि डीनचं खोलीचं पत्र या दोन गोष्टींना कोणाच्याच निधीची गरज नाही.